पिशवी आक्काची

धाकट्या जावेला कामाला मी लावलं. कुणी विचारत नाही, तरी हे मी सांगते, आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो.

केजच्या अलीकडं, आमच्या गावापासून जीपनं अर्ध्या तासावर, रेशमाचा धागा काढायचा एक लहान कारखाना आहे. पत्र्याची लांब शेड, मागं बॉयलर, आत गरम पाण्याच्या टाक्यांची रांग. आमच्या भागात आता बरेच शेतकरी तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळतात, त्यांचे कोष तिथं येतात. कोष उकडायचे, ब्रश फिरवून प्रत्येकाचं टोक धरायचं, सात-आठ कोषांचे तंतू एकत्र करून चाकावर द्यायचे, तुटलं की सांधायचं. चाक भरलं की धागा उतरवून त्याची लड बांधायची. लड म्हणजे पीळ देऊन ठेवलेली धाग्याची वेणीच. नवऱ्याबरोबर सहा हंगाम ऊस तोडून आल्यावर मला हे काम लागलं. सावलीत बसायचं, संध्याकाळी आपल्या घरी यायचं. उकडलेल्या किड्यांचा वास केसात बसायचा, जीपमध्ये बाया सरकून बसायच्या, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. अख्ख्या गावात हे काम येणारी मी एकटी होते.

दोन वर्षांनी मालकाला आणखी बाया पाहिजे होत्या. मी जावेचं सुचवलं. ती आणि मी घरी राहिलो तर दोघे भाऊ मिळून एक कोयता होतील आणि सासूजवळही कुणी असेल, असा आमचा विचार. आमच्याकडं ऊसतोडीच्या जोडीला कोयता म्हणतात. एरवी ती जोडी नवरा-बायकोचीच असते. पहिले आठ दिवस मी तिला माझ्या टाकीवर बसवून घेतलं. टोक कसं धरायचं, पाणी किती गरम लागतं, तुटलेला तंतू गाठ न मारता नुसता चिकटवून कसा पुढं सोडायचा, सगळं दाखवलं. ती मला आक्का म्हणायची. "आक्का, असं का?" "आक्का, आता बघा."

महिन्याभरात तिनं मला मागं टाकलं.

तिचा धागा एकसारखा यायचा. माझा कुठं जाड, कुठं बारीक. तिची बोटं पाण्यात अशी फिरायची की कोषांना ती लागतायत की नाही असं वाटावं. मला दोन वर्षांत बोटांना फोड येऊन येऊन घट्टे पडले होते, तिला एक फोड आला नाही. मॅनेजर माझी लड उचलून बघायचा आणि खाली ठेवायचा. तिची बघायचा आणि दुसऱ्यांना दाखवायचा. पुण्याहून कुणी बघायला आलं की मालक त्यांना सरळ तिच्या टाकीशी नेत. एकानं तिच्या हातांचे फोटो काढले, नुसत्या हातांचे, आणि ते फलकावर छापून गेटवर लावले. रोज सकाळी आत जाताना ते हात बघायचे आणि मग माझ्या टाकीवर जाऊन माझे हात पाण्यात घालायचे, असं चाललं होतं. नवीन मशीन आलं, ते पंख्याखाली बसवलं, आणि त्यावर तिला बसवलं.

घरी आलं तर तिथंही तेच. सासूबाई संध्याकाळी तिच्या बोटांना तूप लावायच्या, म्हणायच्या, नाजूक काम आहे पोरीचं. माझं काम तेच होतं. पण मला कुणी तूप लावलं नाही, आणि मागायची मला लाज वाटली.

तेव्हा एकदा मी खोटं बोलले. मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं की ती सकाळी लवकर आत जाऊन चांगले कोष आधीच वेचून घेते, म्हणून तिचा धागा चांगला येतो. तसं काही नव्हतं. कोष मॅनेजरच्याच माणसानं मोजून वाटलेले असायचे. त्यानं चार दिवस तिच्या टोपलीवर लक्ष ठेवलं आणि मग एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाला, दुसऱ्याच्या टोपलीत बघण्यापेक्षा आपलं चाक बघा. बाया हसल्या. ती हसली नाही. मान खाली घालून काम करत राहिली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

तो सगळा प्रकार पुढं माझ्यावरच उलटला.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि दोघे भाऊ टोळीबरोबर साताऱ्याकडं गेले. घरात आम्ही तिघी आणि माझी दोन मुलं. तिला मूल नव्हतं. लग्नाला तीनच वर्षं झाली होती. आमच्या दोघींचे डबे एकाच पिशवीत असत. पिशवी माझी होती, हिरव्या ताडपत्रीची, उसावर असताना शिवलेली. एक दिवस ती धरायची, एक दिवस मी.

एका शनिवारी बांधलेल्या मालात पाच लडी कमी आल्या. मॅनेजरनं गेट लावून घेतलं आणि आम्हाला ओळीनं उभं केलं. बायांच्या पिशव्या बघायला बॉयलरवरच्या माणसाची बायको बोलावली होती. त्या दिवशी पिशवी माझ्या हातात होती. त्या बाईनं डबे बाहेर काढले, खालचं फडकं उचललं, आणि फडक्यात गुंडाळलेली एक लड वर आली. पांढरी, झळझळीत. ती कुणाच्या चाकावरची हे मला बघताक्षणी कळलं. तसा धागा शेडमध्ये एकीचाच होता. पण मॅनेजरला ते दिसलं नाही, का त्याला बघायचं नव्हतं, देव जाणे.

"पिशवी कुणाची?" त्यानं विचारलं.

मी जावेकडं पाहिलं. ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं खाली बघत सांगितलं, "आक्काची."

तिचं म्हणणं खरं होतं, पिशवी माझीच होती. मी म्हणाले, पिशवीत दोघींचे डबे असतात, मी लड घेतली नाही. मॅनेजर म्हणाला, "मग काय हिनं घेतली? ही कशाला घेईल? तुमचा हिच्यावर राग हाय, हे सगळ्या शेडला माहीत हाय. हिच्याच चाकावरची लड गेली म्हणजे नाव हिचं खराब होईल, असा डाव होता तुमचा."

म्हणजे लड कुणाच्या चाकावरची ते त्यालाही दिसलं होतं. आणि तरी त्याच्या मनात तिच्याबद्दल एक क्षण शंका आली नाही. चोर म्हटल्याचं मला वाईट वाटलंच. पण त्या वेळी त्याहून जास्त जळलं ते हे, की पंचवीस बायांत एकीच्याही तोंडावर तिच्याबद्दल प्रश्न नव्हता. असं बिनघोर उभं राहता येणं मला कधी मिळालं नाही. लहानपणापासून काही सांडलं, फुटलं, हरवलं की आधी माझ्याकडं बघायचे. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

सोमवारी मला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. मालकांनी पोलिसांत तक्रार दिली. आधीही माल कमी येत होता, म्हणाले, आता एकदा धडा बसायला पाहिजे. माझ्यावर गुन्हा दाखल झाला, नोकरानं मालकाच्या मालाची चोरी केल्याचा. अटक झाली नाही. जमादार घरी येऊन नोटीस देऊन गेले, बोलावलं की ठाण्यात हजर राहायचं. त्यांनी पाच लडींचं विचारलं. एक सापडली, चार कुठं? मी म्हणाले, मला पाचाचं काहीच माहीत नाही. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एक बाई केजच्या कोर्टात वकिली करतात, त्यांच्याकडं गेले. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, पिशवी आणखी कोण हाताळत होतं? मी सांगितलं. मग तिचं नाव घ्या ना, त्या म्हणाल्या.

मी घेतलं नाही. हा माझा मोठेपणा, असं नंतर काहींनी म्हटलं. मला तो कबूल नाही. तिचं नाव घेतलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, जळते म्हणून बोलते. त्याला मी भीत होते, कारण त्यांचं बोलणं खोटं ठरलं नसतं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. मागं बैलगाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तू घेतलीस का?" मी फोन ठेवला. त्यानं पुन्हा केला, म्हणाला, विचारलं फक्त. धाकट्या भावानं त्याच्या बायकोला हा प्रश्न विचारला असेल का, हेच माझ्या डोक्यात पुढं किती दिवस फिरत होतं.

पहिल्याच दिवशी घरी मी जावेला विचारलं होतं. भाकरी थापत होती. म्हणाली, "मला न्हाई माहीत आक्का," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चुलीचा धूर होता, त्यामुळं तेही खरं-खोटं कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तिला कशाला रडवतेस, आधीच घरावर आलंय. घरावर आलं होतं ते माझ्यामुळं, असा त्याचा अर्थ होता.

मग ती रोज कामाला जायला लागली आणि मी घरी. तो दीड महिना मी विसरणार नाही. ती आठला निघायची, वेगळ्या पिशवीत एकटा डबा घेऊन. मी ओट्यावरून बघायची. जीप थांबायची, ती चढायची, आतल्या बाया जागा करून द्यायच्या. माझ्या मनात तिच्याविषयी जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही. तिची बोटं भाजावीत असंही आलं. मी तिचे कपडे धुवायचे सोडून दिले, तिच्या पानातलं कालवण कमी वाढलं, तिची चादर दोरीवरून वाऱ्यानं चिखलात पडली ती उचलली नाही. तिनं ती स्वतः उचलून पुन्हा धुतली. संध्याकाळी आली की तिच्या केसांना तो वास यायचा, किड्यांचा, ज्याला लोक नाक मुरडतात. मला तो वास हवा होता. मी तिच्या जवळून मुद्दाम जायची.

गावात दुकानावर मला सुट्टे परत देताना दुकानदार हातात न देता बरणीच्या झाकणावर ठेवायला लागला. मुलीला शाळेत कुणीतरी काही बोललं. ती घरी येऊन विचारायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची.

पाचव्या आठवड्यात चार लडींचा पत्ता लागला. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून निरोप आला की आधीच्या गठ्ठ्यात चार लडी जास्त होत्या, बांधणाऱ्याच्या हातून गेल्या असतील. वकीलबाईंनी लगेच ठाण्यात अर्ज दिला. पण मॅनेजर म्हणाला, चार गेल्या असतील चुकून, पाचवी तर पिशवीतच सापडली. आणि ते खरंच होतं. गुन्हा तसाच राहिला, एका लडीचा. जमादारांनी सांगितलं, आता साक्षीदारांचे जबाब पुरे करून कागद कोर्टात पाठवायचे. साक्षीदारांत जाऊ होती. पिशवी कुणाची हे तिनं सांगितलं होतं ना. तिलाही नोटीस आली.

त्या सकाळी आम्ही दोघी एकाच जीपनं केजला गेलो. मलाही बोलावलं होतं. ती माझ्या समोर बसली होती. मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. तिनं लग्नातली साडी नेसली होती, ठाण्यात जायला. मला वाटलं, तिथंही हिला चांगलं दिसायचंय.

ठाण्यात बाकावर बसलो. आधी तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं. जमादारांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांगा. ती म्हणाली, "सायेब, लड मी घेतलती. पिशवीत मी ठेवली. आक्काला माहीत न्हवतं."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. बाई, नीट विचार करून बोला, ते म्हणाले. तिनं तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत.

कशासाठी घेतली, हे त्यांनी विचारलं. मग ती जे बोलली ते मी बाहेरून ऐकलं. तिची आई धारूरला असते. अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अधू. मुलगी माहेरी गेली की तिच्या अंगाचा वास घेऊन आई म्हणायची, कसल्या घाणीत काम करतेस गं, सोड ते. हिनं किती सांगितलं रेशीम काढते म्हणून, तर तिला पटायचं नाही. त्या दिवशीची लड इतकी छान उतरली होती की आईच्या हातात देऊन एकदा दाखवावी असं तिला वाटलं. रविवारी जाऊन यायचं, सोमवारी परत ठेवायची. त्याच दिवशी झडती निघाली. मॅनेजरनं विचारलं तेव्हा तोंडातून 'आक्काची' निघालं आणि नंतर ते परत घेता आलं नाही.

मी बाकावर बसून ऐकत होते. सुटले, असं मनात यायला पाहिजे होतं. आलं ते असं, की हिला दाखवायला आई आहे. माझी आई मी उसात असताना गेली. माझ्या हातचा धागा बघावा असं वाटणारं माणूस मला आठवेना.

ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. "आक्का, मारा मला," म्हणाली. मी मारलं नाही. पाण्याचा माठ बाजूला होता, तिथं जाऊन पाणी प्यायले.

आता तिच्यावर गुन्हा होणार, तीही जाणार, असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, जीपमध्ये परत येताना मी त्याची वाट बघत होते. झालं भलतंच. मालक दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले आणि म्हणाले, माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही. शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, अशी खरी बाई बघायला मिळत नाही. कुणी आरोप केला नसताना स्वतः जाऊन सांगितलं. बायांनी टाळ्या वाजवल्या, असं मला टाकीवरच्या शेजारणीनं सांगितलं. तिला कामावर ठेवलं. पंख्याखालचं मशीन तिचंच राहिलं.

आणि मला निरोप आला, तुम्हीही या. मी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. त्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. ती दीड महिना गप्प राहिली, मग बोलली, आणि गावभर तिचं कौतुक झालं. सासूबाई तिला जवळ घेऊन रडल्या. माझ्याकडं येऊन म्हणाल्या, झालं ते गंगेला मिळालं, आता मन मोठं कर.

मी परत गेले. अकरा दिवस काम केलं. मॅनेजर माझ्याशी आता अदबीनं बोलायचा, अहो-जाहो तर आधीही करायचा, पण आता नजर चुकवून. बाया मधल्या सुट्टीत तिच्याभोवती बसायच्या, ती मला हाक मारायची, "आक्का, या ना इकडं." मी जायची, बसायची, डबा अर्धा तसाच घरी परत आणायची. बाराव्या दिवशी मी गेले नाही. आपल्या पायानं सोडलं. कुणी काढलं नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं.

कोर्टाचं काम आणखी पाच महिने चाललं. गुन्हा बंद करावा असा पोलिसांनी अहवाल दिला आणि न्यायाधीशांनी तो मंजूर केला. वकीलबाईंनी झेरॉक्स दिली. मी तिथंच व्हरांड्यात वाचली. त्यात लिहिलं होतं की गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता. मी त्यांना विचारलं, मी चोरी केली नाही, असं साध्या शब्दांत कुठं लिहिलंय? त्या म्हणाल्या, याचा अर्थ तोच होतो. अर्थ होतो, पण शब्द नाहीत. ती झेरॉक्स घेऊन मी दुकानदाराकडं गेले, काउंटरवर ठेवली. त्याला वाचता येतं. त्यानं वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली, म्हणाला, "मी कधी मानलंच न्हवतं वहिनी." मी साखर घेतली आणि आले.

आता मी गावातल्याच एका शेतकऱ्याकडं अळ्या वाढवायला जाते. तुतीचा पाला बारीक कापून दिवसातून तीनदा टाकायचा. अळ्या खायला लागल्या की पावसासारखा आवाज येतो. काम बरं आहे, आणि तिथं मी एकटीच आहे. नवऱ्यानं दोन वर्षांनी एकदा, न विचारता, म्हटलं की त्या दिवशी तो प्रश्न त्यानं विचारायला नको होता. मी म्हणाले, जाऊ द्या.

जावेशी मी बोलते. भाजी मागते, देते. तिच्या आईला शेवटी मालकांनीच एक लड पाठवली होती, पेपरात गुंडाळून. ती धारूरहून आली तेव्हा सांगत होती, आई लड गालाला लावून बसली होती. मी ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाले, आणि ते अर्धं खरं होतं.

मागच्या आठवड्यात ती माझ्या दारात आली. कर्नाटकात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे, मालक तिला पाठवतायत, परळीहून रेल्वे आहे. ती कधी रेल्वेत बसलेली नाही. मीही नाही. ती म्हणाली, घरचं सगळं तुमच्यावर पडंल आक्का, तुमी हो म्हणला तरच जाते. नाही म्हणायचा हक्क तिनं माझ्या हातात दिला होता. मी तो थोडा वेळ धरून ठेवला. ती उंबऱ्यावर उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"जा," मी म्हणाले. "लोकरीचं काहीतरी ने, तिकडं थंडी असेल."

ती गेल्यावर मी पीठ मळायला घेतलं आणि त्यात पाणी जास्त पडलं.